सबंध स्वयंपाकघराला एकच माल लावू नका

प्लायच्या दुकानात गेलात की समोरचा पहिल्यांदा बजेट विचारतो. त्याआधी आपण स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: घर कुठे आहे, आणि त्या घराच्या स्वयंपाकघरात पाणी कुठे कुठे पोहोचते? खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात भिंती सुकत नाहीत. बेळगाव शहरात आषाढ-श्रावणात चादरी वाळवायला जागा शोधावी लागते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. तिथून पुणे-बेंगळुरू महामार्गाने सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर उत्तरेला निपाणी गाठली की पाऊस बराच कमी होतो, लाल माती मागे पडून काळी लागते आणि धोकाही बदलतो. तिथे नदीकाठच्या गावांना वेदगंगा-दूधगंगेच्या पुराचा विचार आधी करावा लागतो. एका पट्ट्यात हवामानाचा इतका फरक असताना पुण्या-मुंबईच्या शोरूममध्ये पाहिलेले किचन जसेच्या तसे इथे उचलून आणणे महागात पडते.

या लेखातला मुख्य सल्ला एकच आहे. सबंध स्वयंपाकघराला एकच माल लावू नका. सिंकखालचा खण, गॅसखालचा खण, धान्याचा खण आणि भिंतीवरचे कपाट यांची कामे वेगळी आहेत, त्यांना त्रास देणाऱ्या गोष्टीही वेगळ्या आहेत. पैसा जिथे पाणी आणि वजन आहे तिथे घाला. जिथे दोन्ही नाही तिथे हात आखडता घेतला तरी चालतो.

सुरुवात आपल्याकडे आधीपासून असलेल्या मालापासून करू. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, कुठेही पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे घर पाहा, कट्ट्याखाली कडाप्प्याच्या उभ्या पाट्या आणि मध्ये आडव्या फळ्या दिसतील. आंध्रातल्या कडप्पा भागातून येणारा हा काळा चुनखडी दगड. त्याला वाळवी लागत नाही, तो फुगत नाही, कुजत नाही, नळ गळला तरी त्याचे काही बिघडत नाही. आता घराचे नूतनीकरण काढले की मॉड्युलरवाले पहिल्यांदा हा कडाप्पा फोडायला सांगतात. माझे स्पष्ट मत आहे: पाट्या सरळ आणि पक्क्या असतील तर फोडू नका. पाण्याच्या बाबतीत त्यापेक्षा चांगला खोका तुम्हाला आजच्या बाजारात त्या किमतीत मिळणार नाही.

मॉड्युलरवाल्यांच्या म्हणण्यातही थोडे तथ्य आहे. कडाप्प्याचे खण सहसा काटकोनात नसतात, एक खण वीस इंचांचा तर शेजारचा साडेएकोणीसचा. मग तयार मापाची ट्रॉली त्यात बसत नाही. यावर उपाय आहे. खणाच्या दोन्ही अंगांना बारा एमएमच्या चांगल्या प्लायच्या पट्ट्या दगडाला स्क्रूने घट्ट बसवून ओळंब्यात आणायच्या आणि चॅनल त्या पट्ट्यांवर मारायचा. ट्रॉली त्या खणाच्या मापाने बनवून घ्यायची. समोर चौकट लावून शटर बसवले की बाहेरून ते काम नव्या किचनसारखेच दिसते. दगड आणि भिंत यांच्या सांध्यात झुरळे घर करतात, म्हणून शटर लावण्याआधी प्रत्येक सांधा पांढऱ्या सिमेंटने किंवा सिलिकॉनने भरून घ्या. हे काम गवंडी अर्ध्या दिवसात करतो, पण आपण आठवण केली नाही तर कोणीच करत नाही.

कडाप्पा कट्ट्याच्या वरच्या बाजूला मात्र नको. तो चुनखडी असल्यामुळे लिंबू, चिंच, आमसूल सांडले की डाग कायमचा बसतो आणि चकाकी जाते. वर ग्रॅनाइटच घाला. त्यासाठी लांब जायला नको, बागलकोट जिल्ह्यातले इळकल ग्रॅनाइटसाठी प्रसिद्ध आहे, आणि तांबूस रंग पीठ-हळदीचे डाग काळ्यापेक्षा कमी दाखवतो.

नवे घर बांधत असाल तरी निदान सिंकखालचा खण दगडाचा करून घ्या आणि बाकीचे खोके प्लायचे. अशी मिसळ करायला सुतार नाराज असतो, कारण त्याला गवंड्याची वाट पाहावी लागते. तुम्ही आग्रह धरा. स्वयंपाकघरातले पहिले कुजणारे लाकूड जवळजवळ नेहमी सिंकखालचेच असते. तिथे पाणी नळातून येते, साबणाचे येते, फरशी धुताना खालून येते आणि पावसाळ्यात पाइपवर दव साचून ठिबकते.

आता प्लाय. दुकानदार तुम्हाला "वॉटरप्रूफ आहे" असे सांगेल. त्यावर विश्वास न ठेवता फळीवरचा क्रमांक वाचा. आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायचे मानक, त्यात एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन प्रकार येत आले आहेत. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, ज्याला बाजारात सरळ "सातशेदहा" म्हणतात आणि ज्यावर बीडब्ल्यूपी असेही लिहिलेले असते. यांच्यातला खरा फरक गोंदाचा आहे. एमआर प्लायचा तुकडा चाचणीत ६० अंशांच्या पाण्यात ३ तास ठेवतात. बीडब्ल्यूआरचा ८ तास उकळतात, मग वाळवतात, पुन्हा ८ तास उकळतात. सातशेदहाचा ७२ तास उकळतात. एमआरमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, पाण्यात तो सुटतो. बाकीच्या दोन प्रकारांत सहसा फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा, तो सुटत नाही. म्हणून स्वयंपाकघरात कट्ट्याखाली एमआर अजिबात घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. बेळगाव आणि खानापूर भागात गॅसखाली, आणि दगडाचा खण नसेल तर सिंकखालीही, सातशेदहा, बाकी खालच्या खोक्यांना बीडब्ल्यूआर. निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडे पूर येत नसेल तर सिंक सोडून सगळीकडे बीडब्ल्यूआर पुरेसा आहे.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. मरीन म्हणजे वाळवी लागणार नाही असे नाही. गोंद पाण्यात टिकतो, पण आतले लाकूड कोणते आणि त्याला कीडनाशक औषध खरोखर नीट दिले आहे का, हा प्रश्न वेगळा. पूर्वी चांगल्या प्लायमध्ये म्यानमारचे गर्जन लाकूड असे. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्यानंतर शुद्ध गर्जनचा दावा सावधपणे ऐकावा. आज आपल्याकडे येणारा माल मुख्यतः हरियाणातल्या यमुनानगरचा, म्हणजे पॉप्लर-निलगिरीचा, किंवा केरळातल्या पेरुंबावूरचा, म्हणजे रबरवूड वगैरेचा असतो. दोन्हीकडे उत्तम मालही निघतो आणि टाकाऊही. फळी घेताना कडा पाहा. थर सलग असावेत, मध्ये पोकळी किंवा एकावर एक चढलेले पापुद्रे नसावेत. गोंदाच्या रेषा गडद तपकिरी दिसल्या तर फिनॉलची शक्यता वाढते, पण त्यात रंग मिसळणारेही आहेत, म्हणून तेवढ्यावर थांबू नका.

खात्रीचा मार्ग तुकडा उकळणे हाच. चार इंचांचा तुकडा कापून मागा, जुन्या डब्यात पाणी घालून अंगणात चुलीवर तीन-चार तास उकळा. स्वयंपाकाचे भांडे वापरू नका, त्या पाण्यात गोंदाची रसायने उतरतात. कोपऱ्यात पापुद्रे सुटले तर तो माल घेऊ नका. तुकडा द्यायला जो दुकानदार कचरतो, त्याच्याकडून सोळा फळ्या घेऊ नयेत. शिवाय २०२५ पासून टप्प्याटप्प्याने प्लायवूडला आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. चिन्हाखाली सीएम/एल अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या "बीआयएस केअर" अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनी कोणती आणि परवाना चालू आहे की नाही ते लगेच कळते. दुकानात उभे राहून हे करा, लाजू नका.

भिंतीवरच्या कपाटांची गोष्ट वेगळी. तिथे पाणी नाही, वजनही हलके. तिथे बीडब्ल्यूआर प्लाय उत्तमच, पण पैसा कमी असेल तर चांगल्या घनतेचा, ओलावा सोसणारा एमडीएफ, ज्याला दुकानात एचडीएचएमआर म्हणतात, चालून जातो. कोरीव नक्षीची किंवा रंगवलेली शटरे हवी असतील तर एमडीएफच बरा, कारण त्यावर रेषा न उमटता रंग बसतो. फक्त त्याच्या कडेत स्क्रू मारताना आधी बारीक भोक पाडायला सांगा, नाहीतर कड फाटते. पार्टिकल बोर्ड मी बेळगावात कट्ट्याखाली कुठेच सुचवणार नाही. भुसा आणि गोंदाच्या त्या फळीची कड एकदा ओली झाली की ती फुगते आणि परत बसत नाही. तयार किचनचे भाव आश्चर्य वाटेल इतके कमी असतील तर खोका बहुधा त्याचाच असतो. एखाद्या खोक्याचे मागचे झाकण किंवा बिजागरीच्या भोकाची आतली बाजू पाहिली की लगेच कळते.

भिंतीवरचे कपाट टांगताना आपल्याकडच्या भिंतीचा विचार करा. खानापूर-बेळगाव भागात जुन्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, काही घरांत मातीच्याही. त्यात साधा प्लास्टिकचा गट्टू कालांतराने ढिला होतो. चार-पाच आधार घेतलेली आडवी लाकडी पट्टी भिंतीत आधी पक्की करून कपाट त्या पट्टीवर टांगावे. भरलेले कपाट अंगावर पडण्याचा धोका कोणत्याही प्लायच्या दर्जापेक्षा मोठा आहे.

डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकचे मिश्रण) आणि पीव्हीसी फळ्यांची सध्या मोठी जाहिरात आहे. पाणी आणि वाळवी या दोन्ही बाबतींत त्यांचा दावा बरोबर आहे, सिंकखालच्या शटरसाठी त्या उपयोगाच्या आहेत. पण त्या स्क्रू प्लायइतका घट्ट धरत नाहीत, लांब फळी वजनाने वाकते आणि उष्णतेने त्या मऊ पडतात. गॅसशेगडीच्या शेजारी त्या लावू नका, आणि धान्याच्या खणाला तर मुळीच नको.

धान्याचा खण हा आपल्या भागाचा खास प्रश्न आहे. शोरूममधली ट्रॉली दोन किलोच्या डब्यांसाठी आखलेली असते. आपल्याकडे बेळगावी बासमतीचा किंवा इंद्रायणीचा पंचवीस किलोचा कट्टा घरात येतो, निपाणीकडे ज्वारीची पोती, वर्षाची चटणी, संकेश्वरी मिरची. दुर्बिणीसारखे उघडणारे नेहमीचे चॅनल साधारण ४५ किलोपर्यंतचे येतात, तेही फळी आणि स्क्रू चांगले असतील तर. तांदळाचा डबा ट्रॉलीत ठेवायचाच असेल तर चॅनलवर लिहिलेली भारक्षमता वाचा आणि तळाला सहाऐवजी बारा एमएमची फळी घाला. माझा कल मात्र धान्य ट्रॉलीत न ठेवता खाली दगडी खणात ठेवण्याकडेच आहे. आडव्या फळीला दोन-अडीच फुटांवर एक उभा आधार द्यावा, नाहीतर काही वर्षांत मध्ये झोळ पडतो.

ट्रॉलीचे स्टील निवडताना चुंबक लावून पाहण्याची पद्धत सोडून द्या. बाजारात ३०४ आणि २०२ असे दोन प्रकार मिळतात, आणि चुंबक दोन्हींना साधारणपणे चिकटत नाही. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते, म्हणून ते स्वस्त आणि गंजाला जास्त बळी पडणारे. मिठाच्या बरण्या आणि ओली भांडी ज्या ट्रॉलीत जाणार तिथे ३०४ लिहून घ्या. कोरड्या डब्यांच्या ट्रॉलीला २०२ चालते. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीची शटरे आपल्याकडे लोक थोडी कमी लेखतात. बेळगावकरांना अ‍ॅल्युमिनियम परके नाही, यमनापूरचा जुना इंडाल, आताचा हिंदाल्को, शहराला लागूनच आहे. सिंकखाली आणि पुराच्या गावात अ‍ॅल्युमिनियमची चौकट ही मला सर्वांत शहाणपणाची निवड वाटते.

पुराच्या गावांविषयी थोडे सविस्तर. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज हे बंधारे-पूल पावसाळ्यात पाण्याखाली जाण्याची सवय त्या भागाला आहेच. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ महामार्गापर्यंत पाणी आले. ज्यांच्या घरात पाणी शिरले आहे त्यांनी खालच्या भागात कोणत्याही दर्जाचे प्लाय वापरू नये. आठवडाभर गाळाच्या पाण्यात राहिल्यावर सातशेदहाचीही कड, सनमायका आणि बिजागऱ्या शाबूत राहत नाहीत. कट्ट्याखाली पूर्ण कडाप्पा, शटरांना अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि बिजागऱ्या क्लिप-ऑन प्रकारच्या. या बिजागरीचे शटर मागची कळ दाबली की स्क्रू न काढता हातात येते. पाणी वाढू लागल्याचे कळले की घरातली दोन माणसे पाव तासात सगळी शटरे आणि ट्रॉल्या काढून माळ्यावर ठेवू शकतात. पाणी ओसरल्यावर दगड धुतला, पुसला, की स्वयंपाकघर पुन्हा चालू. मिक्सर-फ्रिजचे प्लगही कट्ट्याच्या वरच्या उंचीवरच घ्या.

लाकडाची हौस असेल तर खानापूर आणि दांडेलीच्या सागवानाचे नाव आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. नवे सागवान महाग, आणि नीट न वाळलेले मिळण्याचा धोका मोठा. जुनी कौलारू घरे उतरवताना निघणारे वासे, चौकटी, तुळया यांतले सागवान पन्नास-साठ वर्षे वाळलेले असते. त्यातून शटरच्या चौकटी काढून मधली फळी प्लायची किंवा काचेची घातली तर असे काम आयुष्यभर पुरते. कापण्याआधी सगळे खिळे काढलेत ना, हे सुताराकडून तपासून घ्या. गाभ्याचा तपकिरी भाग घ्या, बाहेरचा पांढरा भाग सोडा. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही, पांढऱ्याला शिवते. आजोबांच्या घराची चौकट नातवाच्या स्वयंपाकघरात राहावी, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते आणि ती मोडीच्या भावात विकली जाते याचे वाईट वाटते.

माल चांगला घेऊनही काम बिघडते ते कडांमुळे. प्लायच्या दिसणाऱ्या कडांना पट्टी लागते, न दिसणाऱ्या कडा तशाच राहतात, आणि पाणी तिथूनच शिरते. खोक्याच्या तळाची, मागची आणि सिंकच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कड प्रायमर किंवा रंगाने बंद करून घ्या. शटरला बाहेरून एक एमएम सनमायका आणि आतून काहीच नाही असे केले तर शटर वाकते, आतूनही पातळ सनमायका लावायला सांगा. उंच, पाच-सहा फुटांच्या शटरला प्लायपेक्षा ब्लॉकबोर्ड सरळ राहतो. प्लायचे खोके जमिनीवर न टेकवता चार इंचांच्या पायांवर उभे करा. जमीन आणि भिंतीच्या सांध्यात वाळवीचे औषध आधी मारून घ्या, लाल मातीच्या भागात तर नक्कीच.

सिलिंडर कट्ट्याखाली ठेवत असाल तर त्या खणाच्या शटरला अगदी तळाशी जाळी किंवा भोके हवीतच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. सुंदर बंद शटरमागे तो साचत राहिला तर वास येईपर्यंत उशीर होतो.

काम कधी काढायचे हेही मालाइतकेच महत्त्वाचे. गणपतीच्या आधी किचन पूर्ण करायची घाई इथे सर्वत्र असते, म्हणजे प्लाय आणि सनमायका चिकटवण्याचे काम नेमके जुलै-ऑगस्टमध्ये येते. प्लायमधला ओलावा ५ ते १५ टक्के असावा असे मानक सांगते. त्या दिवसांत दुकानाच्या गोदामातली फळी ही मर्यादा सहज ओलांडते. दिवाळीनंतर सुरू करून उन्हाळ्यात संपवा. पावसाळ्यातच करावे लागले तर फळ्या घरात आठवडाभर मध्ये काठ्या घालून, पंखा लावून ठेवा.

निपाणीकरांना कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर आहे आणि माल तिकडून आणणे स्वाभाविक आहे. जीएसटी आल्यापासून कराचा दर दोन्हीकडे सारखा आहे, म्हणून "बिल नको, तेवढे कमी करून देतो" याला बळी पडू नका. फळीला पापुद्रे सुटले तर कंपनीच्या हमीसाठी बिलच लागते, आणि राज्याच्या सीमेपलीकडच्या दुकानाशी बिलाशिवाय भांडता येत नाही.

मिस्त्रीला आगाऊ रक्कम देण्याआधी त्याच्या कोटेशनमध्ये एवढे लिहून घ्या: प्रत्येक खणाला कोणता माल, त्याचा आयएस क्रमांक आणि जाडी, सनमायकाची जाडी, स्टील ३०४ की २०२, बिजागरी आणि चॅनल कोणत्या कंपनीचे. कागदावर नुसते "वॉटरप्रूफ प्लाय" लिहिलेले असेल तर तो कागद परत करा आणि नवा लिहून मागा.